बिनदाराची खोली

१

शेवटची वीट बसवून गवंडी मागे सरकला, कपाळावरचा घाम पुसला, बाहेर पडायला वळला आणि थांबला. डावीकडे भिंत. उजवीकडे भिंत. पुढे भिंत. मागेही त्यानेच आत्ता पुरी केलेली ओलसर भिंत. खोलीत माणूस होता, पण खोलीला दार नव्हतं.

तो खिडकीतून बाहेर आला. पाठोपाठ त्याची थापी आली आणि मग त्याची हाक, "मिस्त्री, जरा इकडे या. आपण कुणाला तरी कोंडायला निघालोय."

मिस्त्रींनी कागद उलगडला, उन्हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. कागदावर चार भिंती होत्या, एक खिडकी होती, दार नव्हतं. त्यांनी नकाशे काढणाऱ्या ऑफिसात फोन लावला. तिथे फोन घेतला तो ज्या बाईने हे ड्रॉइंग केलं होतं तिनेच. अकरा वर्षं ती तिथे रेघा ओढत होती, आणि तिची रेघ इतकी नेटकी की सगळे तिला सुबक म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे उरलंच नव्हतं.

"असं कसं होईल, मिस्त्री? थांबा, बघते," म्हणत सुबकने फाइल उघडली. स्क्रीनवर दार होतं. चांगलं रुंद, घरमालकांच्या आईची, आजींची, चाकाची खुर्ची जाईल असं. "अहो, आहे की दार!"

"तुमच्याकडे असेल, ताई. आमच्याकडे भिंत आहे."

तासाभरात ऑफिसचे साहेब साइटवरून परत आले ते कागद हातात आणि घरमालक-मिस्त्रींना पाठीशी घेऊनच. त्यांनी कागद स्क्रीनशेजारी धरला. स्क्रीनवर दार, कागदावर भिंत. मग त्यांनी फाइलची तारीख पाहिली. फाइल सेव्ह झाली होती त्याच दिवशी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी. मिस्त्रींचा फोन आला होता बाराला.

"फोन आला आणि मग तू फाइलमध्ये दार आखलंस," साहेब म्हणाले. "चूक केलीस ती केलीस, वर लपवतेस?"

"साहेब, मी फक्त उघडून बघितलं. हाताला सवय आहे, बंद करताना सेव्ह दाबलं गेलं."

"खोटारडी!"

हा शब्द घरमालकांसमोर, मिस्त्रींसमोर, उघड्या दारातून जिन्यापर्यंत गेला. सुबकच्या हातातली पट्टी खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

२

अशा वेळी गावात ज्यांना बोलावत, त्या होत्या वैद्यबाई. ऑफिसाऑफिसांतून आजारी पडलेली ड्रॉइंगची सॉफ्टवेअरं बरी करायची हा त्यांचा धंदा. स्क्रीन गोठली, रेघा नाहीशा झाल्या, मापं दहापट झाली, की बाईंना फोन. सत्तावीस वर्षं त्यांनी स्वतः लाकडी फळ्यावर शाईने घरं काढली होती, त्यामुळे यंत्राची नाडी कळायची आणि यंत्रापुढे बसलेल्या माणसाचीही. त्यांच्यात एकच खोड होती, त्यांना एका जागी बसवत नसे. विचार करताना त्या फेऱ्या घालत आणि पेनाचं टोपण टकटक वाजवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या आल्या तेव्हा साहेबांनी कागद तयारच ठेवला होता.

"बाई, फार काही नको. सॉफ्टवेअरमध्ये बिघाड नाही एवढं बघा आणि इथे सही करा. पाच वाजता घरमालक येणार आहेत. त्यांच्यासमोर मला हिला निरोप द्यायचाय, लेखी कारणासकट."

"कारण काय लिहिलंय?"

"अप्रामाणिकपणा."

बाईंचं टोपण थांबलं. त्या गावात नकाशांची ऑफिसं चारच, आणि सगळ्यांचा चहा एकाच टपरीवर. चूक केलेल्या माणसाला दुसरीकडे काम मिळतं. खोटं बोललेल्याला कोण उभं करणार? म्हणजे या कागदाने सुबकची नुसती नोकरी जाणार नव्हती, तिची अकरा वर्षं जाणार होती.

आणि खरी टोचणी पुढेच होती. बाईंनी तासभर सॉफ्टवेअर तपासलं, देवाचं नाव घेत घेत एकेक कळ दाबली. सॉफ्टवेअर ठणठणीत होतं. सही केली असती तर ती शंभर नंबरी खरी सही झाली असती, आणि त्या खऱ्या सहीने कदाचित एक खोटं कायमचं खरं ठरलं असतं.

त्या उठल्या आणि सुबकच्या टेबलापाशी गेल्या. ती खण रिकामा करत होती. पेन्सिली, डबी, एका लहान मुलीचा फोटो. फोटो ती पिशवीत ठेवी, पुन्हा काढी, पुन्हा ठेवी.

"पोरी, दार कधी काढलंस?"

"मागच्या महिन्यात, बाई. बावीस-तेवीस तारखेला."

"कागदावर का नाही मग?"

"ते मला कळलं असतं तर मी रात्रभर छताकडे बघत पडले असते का?" ती चिडून म्हणाली आणि लगेच वरमली. "माफ करा, बाई. कालपासून जो येतो तो हेच विचारतो."

"विचारू देत. मी तरी काय, तेच विचारलं. आता तू छाप बघू. माझ्यासमोर. काहीच बदलू नकोस, जसं आहे तसं."

बाईंचा हा पहिला उपचार. यंत्राची तक्रार आली तर आधी ती डोळ्यांसमोर पुन्हा घडवून आणायची. जे पुन्हा घडतं त्याला कारण असतं, आणि जे घडत नाही त्यामागे बहुधा माणूस असतो.

कोपऱ्यातलं मोठं छपाईयंत्र घरघरलं. साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. साहेबांचे मेहुणेही खुर्ची सरकवून उठले. ते साहेबांच्या बायकोचे धाकटे भाऊ. घरातली पोरं त्यांना मामा म्हणत, म्हणून सगळं ऑफिसही मामाच म्हणे. छपाईचं खातं त्यांच्याकडे. एरवी हा माणूस एवढा बोलका की टपाल घेऊन आलेल्यालाही दोन गोष्टी ऐकवूनच सोडणार, पण आज सकाळपासून त्यांच्या तोंडातून अक्षर फुटलं नव्हतं.

कागद हळूहळू बाहेर आला. स्वयंपाकघर आलं, बैठकीची खोली आली, जिना आला.

स्क्रीनवर दार होतं. साऱ्यांनी पाहिलं. कागदावर आजींच्या खोलीला चार सलग भिंती होत्या. साऱ्यांनी पाहिलं.

"अरे देवा," सुबक पुटपुटली, "हे तर माझ्या हातूनही तसंच आलं!"

३

"दार कुठे आहे? स्क्रीनवर आहे," बाई फेऱ्या घालत म्हणाल्या. "कागदावर आहे? नाही. आणि यंत्र खोटं बोलतंय का? तेही नाही. मग मधल्या वाटेत कुणीतरी त्याला अडवलंय."

त्यांनी सुबकच्या खुर्चीच्या पाठीला धरून वाकून लेयरची यादी उघडायला सांगितली. लेयर म्हणजे काय, तर एकावर एक ठेवलेल्या काचा समजा. एका काचेवर भिंती, दुसरीवर दारं, तिसरीवर विजेच्या तारा. वरून बघणाऱ्याला सगळं मिळून एकच घर दिसतं. हवी ती काच बाजूला करता येते. आणि हवी ती काच डोळ्यांना दिसत ठेवून फक्त कागदापासून दूर ठेवता येते.

यादीत नावं होती: भिंत, दारं, खिडक्या, वीज, पाणी. आणि सर्वांत खाली एक नाव, 'आई'.

"ही कोण?"

"आजींचं सगळं मी वेगळं ठेवलं होतं," सुबक म्हणाली. "रुंद दार, उतार, धरायचा दांडा. घरमालक रोज काहीतरी बदलायचे. वेगळं असलं की बदलायला सोपं."

'आई'च्या ओळीत शेवटी छपाईयंत्राचं इवलंसं चित्र होतं. त्यावर लाल काट मारलेली होती. इतर सगळ्या ओळींत ती नव्हती.

"ही बघा!" बाईंनी टोपणाने टकटक केलं. "ही काच डोळ्यांना दिसते, कागदावर उमटत नाही. नीट पाहा, नव्या कागदावर उतारही नाही, दांडाही नाही. नुसतं दार नाही गेलं, आईचं जे जे होतं ते सगळं गेलं."

"थांबा," साहेब पुढे आले. "मी पंचवीस वर्षं या धंद्यात आहे. दार उमटलं नाही तर भिंतीत मोकळी जागा राहायला हवी. इथे भिंत सलग कशी?"

प्रश्न चोख होता. सुबकने मान खाली घातली.

"ते माझं चुकलं, साहेब. दार चार वेळा हललं. आधी बोळाकडे होतं, ते मी काढून टाकलं. मग अंगणाकडे, मग पुन्हा सरकवा. दर वेळी भिंत तोडायची आणि जोडायची म्हणजे... मी भिंत तशीच ठेवली आणि तिच्यावर पांढरं ठिगळ लावून त्यावर दार काढलं. ठिगळ सरकवलं की दार सरकतं. शेवटी भिंत तोडायची होती, ती राहिली."

"आणि ठिगळही 'आई'वरच?"

"हो."

"म्हणजे आई गेली तसं ठिगळही गेलं, आणि खालची भिंत उघडी पडली," बाई म्हणाल्या.

"झालं तर!" साहेबांनी हात झटकले. "ठिगळ हिचं, लेयर हिची, काट हिची. बाई, सही करा."

"एवढी घाई कशाला? अजून माझा दुसरा उपचार बाकी आहे."

तो उपचार असा. हे सॉफ्टवेअर दर वेळी सेव्ह करताना आधीची प्रत बाजूला ठेवून देतं. बहुतेक लोक तिला कचरा समजतात आणि वाटेल तेव्हा पुसून टाकतात. सुबकने पुसली नव्हती. काल बारा वीसला सेव्ह होण्याआधीची प्रत फोल्डरमध्ये धूळ खात पडलेली होती. बाईंनी ती उघडली.

दार होतं. ठिगळ होतं. लाल काटही होती.

"बघा साहेब, काल फोन आल्यावर हिने दार काढलेलं नाही. दार आधीपासून होतं. पोरगी खरं बोलतेय."

"आणि काट?"

"तीही आधीपासूनची." बाईंनी प्रतीची तारीख वाचली. "सव्वीस तारीख. दुपारी चार."

सुबकने झटकन वर पाहिलं. "पण बाई, चोवीस ते अठ्ठावीस मी इथे नव्हतेच! बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते."

मग सगळ्यांची नजर एकाच खुर्चीकडे वळली.

मामांनी घसा खाकरला. "तेव्हा हिच्या जागी मी बसलो होतो. प्रिंट मीच काढली. पण देवाशपथ सांगतो, मी काहीएक पुसलेलं नाही."

आणि ते खाली चहाला म्हणून जे गेले, ते लवकर आलेच नाहीत.

४

बाई मिस्त्रींकडे गेल्या तेव्हा ते त्या बिनदाराच्या खोलीसमोर विटांच्या ढिगावर बसले होते.

"मिस्त्री, तुम्ही एवढे अनुभवी. खोलीला दार नाही हे खटकलं नाही?"

"खटकलं की! पण मागे एकदा मी डोकं चालवून कागदावर नसलेली खिडकी काढली, तर साहेबांनी माझ्याच हातून ती बुजवली. म्हणाले, मिस्त्री, कागद सांगेल तेवढंच. तेव्हापासून मी डोकं घरी ठेवून येतो. मला वाटलं पाण्याची टाकी असेल."

"खिडकीवाली टाकी?"

"आजकाल लोक काय काय बांधतात, बाई! बोलायची सोय नाही."

बाई हसल्या, पण पाय थांबेनात. तीन वाजत आले होते. काट मामांच्या हातची, हे तर उघडच होतं. मग ते कबूल का करत नाहीत? आणि त्याहून मोठा प्रश्न, त्यांनी ती मारली का? वाईट करायचं असलं तर माणूस पुसतो. गंमत करायची असती तर लेयरच बंद केली असती, म्हणजे स्क्रीनवरूनही गेली असती. या माणसाने सुबकचं काम जसंच्या तसं राखलं, तिला परत आल्यावर दिसेल असं ठेवलं, आणि फक्त कागदापासून ते अलगद बाजूला केलं. असं कोण करतं? ज्याला वाटतं की आपण योग्यच करतोय, तो.

घरमालकांचं चष्म्यांचं दुकान चौकात होतं. ते एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते.

"बाई, मलाच लाज वाटते," ते म्हणाले. "गावाला चष्मे घालतो आणि माझ्याच घराच्या कागदावर दार नाही हे मला दिसलं नाही! कागद घेतला, गुंडाळला, मिस्त्रींना दिला."

"त्याआधी कधी पाहिला होता नकाशा?"

"स्क्रीनवरचा फोटो सुबकताईंनी पाठवला होता. आईला दाखवला. तिचं आपलं वेगळंच! म्हणाली, सगळ्या घराची दारं ठीक आहेत, पण माझ्या खोलीचं दार असं सताड उघडं का दाखवलंय? मी आत पडलेली असणार, येणारा-जाणारा बघणार."

बाईंना हसू आलं. नकाशात दार उघडंच काढतात, पाव गोलाच्या रेघेने, म्हणजे ते कुठल्या बाजूला वळतं ते कळावं. पण म्हाताऱ्या माणसाला ते कोण सांगणार?

"मग?"

"मग तिच्या समाधानासाठी मी साहेबांना फोन केला. म्हटलं, तेवढं आईचं दार बंद दाखवा. ते म्हणाले, सांगतो. बास, एवढंच."

टोपण टकटक वाजू लागलं. "आणि कागद तुम्हाला कुणी आणून दिला?"

"मामांनी. फार प्रेमळ माणूस हो! एरवी एवढे बोलतात, त्या दिवशी काहीच नाही. कागद दिला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, 'धीर धरा. कुणाच्या हातात असतं का हे?' मला वाटलं, घर बांधणं म्हणजे त्रास असतोच, त्याबद्दल म्हणताहेत. मीही म्हटलं, 'चालायचंच.' तर त्यांचे डोळे भरून आले."

बाई अर्धवट उठल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक नाकावरची फ्रेम धरून त्यांच्याकडे बघत राहिलं.

"तुमच्या आई..." बाईंनी आवाज सांभाळला. "त्या बऱ्या आहेत ना?"

"ठणठणीत! सकाळीच माझ्याशी भांडलीय. का हो?"

पण बाई पायऱ्या उतरलेल्या होत्या.

५

पाच वाजता ऑफिसात सगळे जमले. केबिनमध्ये साहेब, समोर चष्मेवाले, दाराशी मिस्त्री, भिंतीला टेकून सुबक, आणि कपाटाआड अर्धे दिसणारे मामा. टेबलावर निरोपाचं पत्र आणि न झालेली सही.

"बसा ना बाई," साहेब म्हणाले.

"बसून मला सुचत नाही. उभ्यानेच सांगते." बाई खिडकीपासून दारापर्यंत गेल्या, परत आल्या. "सॉफ्टवेअरमध्ये बिघाड नाही, हे मी लिहून देते. त्याने जे सांगितलं तेच केलं. बिघाड एका शब्दात आहे, आणि तो शब्द तुमच्याच घरचा. साहेब, या घरमालकांचा फोन आला होता तुम्हाला, आईच्या दाराबद्दल?"

"आला असेल. रोज पन्नास येतात."

"तो निरोप तुम्ही कुणाला दिलात?"

"लिहून ठेवला असेल. आठवत नाही."

"काय लिहिलंत, ते मी सांगू? सामान्य माणसाला 'बंद' म्हणजे मिटलेलं. दुकान बंद, डोळे बंद, दार बंद. पण या खोलीत बसणाऱ्याला 'बंद' म्हणजे काय? वीज बंद, पाणी बंद, म्हणजे ती ती लेयर छापू नका. दिवसातून दहा वेळा तुम्ही केबिनमधून ओरडता, 'वीज बंद करून एक प्रिंट द्या!' आणि या फाइलमध्ये एका लेयरचं नाव आहे 'आई'."

कपाटाआड काहीतरी हललं.

"मामा," बाईंचा आवाज एकदम मऊ झाला, "तुम्ही काही वाईट केलं नाही. तुमच्या हातात चिठ्ठी आली. तुम्हाला वाटलं, आईचं सगळं बंद करायचं, म्हणजे आईला आता काही लागणार नाही. म्हणजे... तुम्हाला काय वाटलं ते तुम्हीच सांगा."

मामा बाहेर आले. चष्मेवाल्यांकडे त्यांना बघवेना.

"मला वाटलं, आजी गेल्या," ते म्हणाले. "विचारणार तरी कसं? ज्याची आई गेली त्याला विचारायचं का, नक्की गेली ना? मी म्हटलं, बोळाकडचं जुनं दार असेलच, ते पुरेल. सुबकचं काम पुसायला हात होईना, म्हणून नुसतं कागदावर येऊ दिलं नाही. आणि काल..." त्यांनी डोळे पुसले. "काल फोनवर मागून आजींचा आवाज ऐकला. अंगावर काटा आला हो! जिवंत माणसाला मी मनातल्या मनात पोचवून आलो होतो. कुठल्या तोंडाने सांगू?"

चष्मेवाल्यांनी आ वासला. "म्हणजे तुम्ही माझा हात धरलात तो..."

"सांत्वनाला."

"आणि मी म्हटलं, चालायचंच!"

मिस्त्रींना हसू दाबता येईना, म्हणून ते जिन्याकडे तोंड करून खोकले. पण साहेब हसले नाहीत.

"हे सगळं याने केलंय," ते ताडकन म्हणाले. "मी असलं काही लिहिलेलं नाही. मी दार बंद म्हणून लिहीन, आई बंद कशाला लिहू?"

मामांनी शर्टाच्या खिशातून चुरगळलेला कागद काढला. तो ते कालपासून फेकायला निघाले होते आणि दर वेळी खिशात परत ठेवत होते. त्यांनी तो साहेबांच्या हातात दिला नाही, टेबलावर पत्राच्या शेजारी ठेवला.

"भाऊजी, अक्षर बघा."

घाईघाईतली दोन शब्दांची ओळ होती. आई – बंद. खाली साहेबांची ती वळणदार आद्याक्षरं, जी ते फोनच्या चिठ्ठीवरही करायला विसरत नसत.

साहेबांनी अक्षर पाहिलं. गळ्याशी हात गेला, कॉलर सैल झाली, पुन्हा नीट झाली. मग त्यांनी निरोपाचं पत्र उचललं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले.

"झालं," ते म्हणाले. "सुबक, ठिगळाचं तू मान्य केलंसच. याचीही चूक झाली, माझीही घाई झाली. तिघांची मिळून एक चूक धर. जा, जागेवर बस. उद्यापासून नेहमीसारखं."

बाईंना वाटलं, पोरगी आता रडेल नाहीतर हात जोडेल. सुबकने यातलं काहीच केलं नाही. ती भिंतीपासून सरळ झाली.

"ठिगळ माझं, साहेब. त्याबद्दल काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. पण काल तुम्ही मला चुकलीस म्हणाला नाहीत. खोटारडी म्हणालात. तेही बंद केबिनमध्ये नाही."

"अगं, आता सगळ्यांना कळलंच ना!"

"या खोलीतल्यांना कळलं. साइटवर दहा माणसं काम करतात, त्यांना काल संध्याकाळपर्यंत पोचलं होतं. टपरीवर सकाळी पोचलं. मी पिशवी भरलेली आहे, साहेब. ती उचलायची की ठेवायची, ते तुम्ही बाहेर काय बोलता त्यावर."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

६

ऑफिसातले सगळे साइटवर आले तेव्हा उन्हं उतरली होती. गवंडी, हेल्पर, लोखंड बांधणारे, सगळे हात धुऊन निघायच्या बेतात होते. मिस्त्रींनी त्यांना थांबवलं. आजी चाकाच्या खुर्चीत बसून आपल्या खोलीची भिंत न्याहाळत होत्या. चष्मेवाल्यांनी त्यांना मुद्दाम आणलं होतं. खोली ज्यांची, त्यांनी ऐकावं म्हणून.

साहेब पुढे झाले. पंचवीस वर्षांत या माणसाने साइटवर फक्त हुकूम दिले होते. त्यांनी विटांकडे पाहून सुरुवात केली.

"तर... काल जे मी बोललो... त्यात माझी जरा गैरसमजूत..."

"कोण बोलतंय?" आजींनी मुलाला विचारलं. "जरा मोठ्याने बोला म्हणावं. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

कुणीतरी हसलं. साहेबांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. वैद्यबाईंचं टोपण हातातल्या हातात फिरत होतं. आता हा माणूस चिडून चालता होईल, असं त्यांना वाटलं, आणि पोरीची पिशवी तर खांद्यालाच होती.

साहेब चिडले नाहीत. ते खुर्चीला वळसा घालून आजींच्या उजव्या बाजूला आले.

"आजी, चिठ्ठी मी चुकीची लिहिली. त्यामुळे तुमच्या खोलीला दार राहिलं नाही."

"ते कळलं. पण या पोरीला का उभं केलंय?"

"कारण मी हिला..." ते खाली वाकून पुटपुटले. "मी हिला खोटारडी म्हणालो."

"ऐकू नाही आलं."

या वेळी साहेब ओरडलेच. समोरच्या इमारतीला रंग लावणारी दोन माणसं परांचीवर हात टेकून बघायला लागली. "मी हिला खोटारडी म्हणालो! आणि ती खरं बोलत होती! पहिल्यापासून खरं बोलत होती!"

त्यांच्या आवाजाला भिंतीवरून उलटं उत्तर आलं. लोखंड बांधणाऱ्यांपैकी एकाने डोक्याचा रुमाल काढून हातात धरला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

साहेबांनी खिशातला खडू काढला आणि सुबकपुढे धरला. "कुठे काढायचं दार, तू आखून दे. मिस्त्री आत्ताच फोडायला घेतील."

सुबकने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. खडू हातात घेतला, भिंतीकडे पाहिलं, आणि तो मामांच्या हातात दिला.

"मापं तुम्हाला पाठ आहेत, मामा. आखा तुम्ही. साहेब, मी उद्या नऊला येते. आज मला लवकर सोडा."

"का गं? बरं वाटत नाही का?"

"काल संध्याकाळी माझ्या मुलीने विचारलं, आई, तू ऑफिसात खोटं बोललीस का? मी म्हटलं नाही. ती काहीच बोलली नाही, नुसती झोपून गेली." सुबक रस्त्याकडे वळली. "तिला जाऊन सांगायचंय."

पिशवी तशीच विटांपाशी राहिली. सुबक वाळूच्या ढिगावरून, फळ्यांवरून, जवळजवळ पळतच रस्त्याला लागली, आणि वैद्यबाई, ज्यांना सकाळपासून क्षणभर टेकवलं नव्हतं, त्या मिस्त्रींच्या विटांच्या ढिगावर बसून ती वळणाआड होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.